एकोणिसावी फेरी

माझा डावा डोळा मर्ल सेडलाकच्या चेंडूनं गेला, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी जे केलं ते सूड म्हणून केलं का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी स्वतःला नाही म्हणून सांगत असतो, आणि माझं मलाच पटत नाही.

आमची लीग दहा जणांची. डेनिंगच्या डुकराच्या मांसाच्या कारखान्यात सुरी घेऊन सरकत्या पट्ट्यावर उभे राहणारे आम्ही नऊ जण, आणि दहावा ड्वेन. त्याची ट्रॅक्टर दुरुस्तीची पत्र्याची शेड आहे आणि लीगचा कारभारीही तोच. मार्चमधल्या एका रविवारी दुपारी त्याच्या शेडमध्ये जमायचं आणि मोठ्या लीगमधले खरेखुरे बेसबॉल खेळाडू पाळीपाळीनं आपापल्या कागदी टीममध्ये ओढायचे, याला ड्राफ्ट म्हणतात. तेवीस फेऱ्या. एकानं घेतलेला खेळाडू बाकीच्यांना मेला. मग एप्रिल ते सप्टेंबर ती पोरं मैदानावर जे करतील त्याचे गुण आपल्या टीमला. पहिल्या पाच फेऱ्यांत कोणाला घ्यायचं हे शेंबड्या पोरालाही कळतं. लीग ठरते ती पंधराव्या फेरीनंतर. तोवर लोकांच्या याद्या संपलेल्या असतात, बिअर चढलेली असते, आणि ज्याच्याकडे कुत्रंही ढुंकून बघत नाही असा एखादा दमदार खेळाडू तुम्ही गुपचूप उचलता. त्याला आम्ही स्लीपर म्हणतो.

पहिला येणाऱ्याला आमच्याकडे काही मिळत नाही. जे मिळतं ते शेवटी येणाऱ्याला. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी त्यानं ड्वेनच्या शेडच्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन्ही हात मागे कमरेच्या पट्ट्यात खुपसायचे, आणि उरलेल्या नऊ जणांनी साठ फुटांवरून एकेक खरा, कडक चेंडू त्याला मारायचा. डोकं सोडून कुठेही. कोणी दया येऊन हळू टाकला तर भिंतीवरच्या माणसानं नुसतं 'मऊ' म्हणायचं. मग तो हळू टाकणारा स्वतः भिंतीला जातो आणि भिंतीवरचा त्याला एक चेंडू मारतो. मार खाऊन त्याचा हातच उचलत नसेल तर त्याच्या घरचं कोणीही टाकू शकतं. एका वर्षी आमच्यातल्या गसचा खांदा निखळला, म्हणून त्याच्या सतरा वर्षांच्या पोरीनं टाकला होता. तिचा नेम चुकला, आणि ड्वेनचे पुढचे दोन दात तेव्हापासून नकली आहेत.

ही खुळचट पद्धत कोणी काढली ते आता कोणाला आठवत नाही. दिवसभर मेलेली जनावरं कापणाऱ्या माणसांची करमणूक अशीच असायची.

माझा डोळा गेला त्या वर्षी शेवटी मी आलो होतो. सहा चेंडू छातीवर, पोटावर, मांडीवर झेलले. सातवा मर्लचा. त्याचा पाय चिखलात सटकला आणि चेंडू सरळ डोळ्यावर आला. मला आठवतं ते एवढंच, की आधी आवाज झाला, ओलं लाकूड मोडल्यासारखा, आणि मग गालावरून काहीतरी गरम वाहत गेलं. मर्लनंच मला ट्रकमध्ये घालून लिंकनच्या इस्पितळात नेलं. वाटभर रडत होता गडी. मी त्याला माफ करून टाकलं. बावीस वर्षं पट्ट्यावर आम्ही खांद्याला खांदा लावून उभे राहिलो होतो, माफ न करून जातो कुठे? डॉक्टरनं सांगितलं की डावा डोळा आता उजेड-अंधार तेवढा ओळखेल, आणि उजव्याला धक्का बसला तर घरात भिंत चाचपत फिरायची तयारी ठेवा. माझ्या बायकोनं, राँडानं, ते ऐकून मला एवढंच विचारलं, की लीग सोडतोयस ना. मी म्हणालो, शेवटी आलोच नाही तर सोडायची कशाला? ती महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाही.

लीग सोडली असती तर लोक भित्रा म्हणाले असते, आणि ते मला एका डोळ्यापेक्षा जड गेलं असतं. इतका मी मूर्ख. म्हणून तो अख्खा हिवाळा मी आकड्यांत घातला. एका डोळ्यानं. आणि फेब्रुवारीत मला कोल्बी सापडला.

कोल्बी म्हणजे मर्लचा पोरगा. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. सहा वर्षं खालच्या लीगांमधून बसचे धक्के खात फिरत होता. त्याला आमच्या ड्राफ्टमध्ये दरवर्षी मर्लच घ्यायचा, शेवटच्या, तेविसाव्या फेरीत. तो एक रिवाजच होता. मर्ल उभा राहून म्हणायचा, 'कोल्बी सेडलाक,' सगळे टेबल बडवायचे, आणि मर्लची एक जागा वर्षभर फुकट जायची. संध्याकाळी कोल्बीचा फोन यायचा, कितव्या फेरीत गेलो म्हणून. मर्ल हसून सांगायचा, तेविसाव्या. पोरगाही हसायचा. मर्ल मला पट्ट्यावर नेहमी म्हणायचा की पोरगं गुणी आहे, पण मोठ्या लीगचं पाणी नाही ते.

आणि मी कागदावर बघतोय तर काय! बेसबॉलमध्ये पिचरनं चार चेंडू बाहेर टाकले की समोरच्या फलंदाजाला फुकट बेस, म्हणजे धावेचा पहिला टप्पा, मिळतो. मागच्या हंगामात कोल्बीनं अठ्ठावन्न डावांत फुकट बेस दिले होते पाच. पाच! चांगले चांगलेही वीस देतात. मी ते आकडे तीनदा मोजले, मग गाडी काढून शाळेच्या व्यायामशाळेत गेलो. तिथे तो हिवाळ्यात सराव करायचा. त्यानं दोरीला टायर टांगला होता. टायरच्या भोकातून चेंडू घालणं कोणालाही जमेल. हा दोरीच्या गाठीवर चेंडू मारत होता, लागोपाठ, आणि बाजूच्या मित्राशी गप्पा मारत होता. त्याच आठवड्यात त्याच्या वरच्या, मोठ्या लीगमधल्या टीमच्या शेवटचा, नववा डाव टाकणाऱ्या पिचरनं खांद्यावर शस्त्रक्रिया करून घेतल्याची बातमी आली, म्हणजे ती जागा मोकळी. मी घरी येऊन वहीत कोल्बीच्या नावापुढे लिहिलं: 'हवा तिथे टाकतो.' आणि वही राँडाच्या लोकरीच्या टोपलीत लपवली.

मर्लला सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या शेजारीच सुरी परजत होता. तुझं पोरगं हिरा आहे रे, एवढं एक वाक्य. ते माझ्या तोंडातून निघालं नाही.

ड्राफ्टच्या दिवशी मी अठरा फेऱ्या दम धरला. एकोणिसाव्या फेरीत माझी पाळी आली. टेबलावर गोमांसाचं पातेलं होतं, गसच्या बायकोनं केलेल्या जर्दाळूच्या कोलाची, त्या गोड पावाच्या चकत्या, होत्या, आणि मर्ल त्यातली एक तोंडात कोंबत होता. मी म्हणालो, "कोल्बी सेडलाक."

आधी सगळे हसले. मी थट्टा करतोय असं त्यांना वाटलं. मग मी ड्वेनला म्हणालो की लिही. ड्वेननं भिंतीवरच्या तक्त्यात माझ्या नावाखाली कोल्बीचं नाव लिहिलं, आणि हसू थांबलं.

मर्ल टेबलाला वळसा घालून नाही आला, टेबलावरूनच आला. त्याचा पहिला ठोसा नाकावर बसला आणि माझं नाक मोडलं. दुसरा मी डाव्या बाजूनं येताना पाहिलाच नाही, कारण त्या बाजूनं मला काही दिसतच नव्हतं, आणि ही गोष्ट त्याला जगात सगळ्यांत चांगली ठाऊक होती. त्या दुसऱ्या ठोशानं माझं डोकं असं फिरलं की मी पातेलं उचलून त्याच्या तोंडावर हाणलं. मांस आधीच निवलं होतं म्हणून त्याची कातडी वाचली. दोघं जमिनीवर पडलो. मी त्याच्या बरगडीत गुडघा घातला, त्यानं माझं डोकं काँक्रीटवर दोनदा आपटलं, मी त्याचा कान दातात धरला आणि सोडला नाही. तोंडात रक्त आलं ते त्याचं की माझं, कळलं नाही. शेवटी ड्वेननं यंत्राचा रबरी पट्टा घेऊन आम्हा दोघांना गुरासारखं झोडपलं, तेव्हा कुठे आम्ही सुटे झालो. मग तो धापा टाकत आपल्या खुर्चीत बसला आणि म्हणाला की पुढची पाळी कोणाची.

ड्राफ्ट पुरा झाला. आमच्याकडे ड्राफ्ट अर्धवट राहत नाही. मर्लनं कानाला फडकं लावून उरलेले खेळाडू घेतले. तेविसाव्या फेरीत त्यानं कोणाचं तरी नाव घेतलं, टेबल कोणी बडवलं नाही.

आम्ही निघणार तेवढ्यात मर्लचा फोन वाजला. त्याचे हात रक्तानं चिकट होते, म्हणून त्यानं तो टेबलावर ठेवूनच उचलला आणि कोल्बीचा आवाज शेडभर घुमला. नेहमीचाच प्रश्न, "कितव्या फेरीत गेलो, डॅड?"

मर्लनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता शिव्यांचा पाऊस पडणार.

"एकोणिसाव्या," मर्ल म्हणाला.

मग पोरगा म्हणाला, "खरंच? चार फेऱ्या वर घेतलंस मला?" आणि त्याचा आवाज असा काही झाला, की गसनं मान फिरवली.

"हो," मर्ल म्हणाला आणि फोन बंद केला. शेडमध्ये आम्ही दहा जण होतो. कोणी एक अक्षर काढलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

त्यानंतर मर्ल माझ्याशी बोलणं सोडून बसला. रोज नऊ तास आम्ही हातभर अंतरावर उभे, दोघांच्या हातात फूटभर सुऱ्या, मध्ये लोंबणारी डुकरं. एकदा त्याची सुरी हाडावरून घसरली आणि माझ्या लोखंडी साखळीच्या हातमोज्यावर आली. मोजा नसता तर तीन बोटं गेली असती. त्यानं सुरी पुसली आणि पुढचं जनावर ओढलं. ती सुरी घसरली होती की घसरवली होती, हे मी त्याला विचारलं नाही.

आणि तिकडे कोल्बी पेटला. मे महिन्यात त्याला वर बोलावलं, जूनमध्ये शेवटचा डाव त्याच्या हाती दिला. शेवटच्या डावात येऊन जिंकत आलेला सामना राखला, की पिचरच्या नावावर एक सेव्ह लागतो. पोरानं एकतीस केले. प्रत्येक सेव्ह माझ्या टीमला. मी दहाव्यावरून सातव्यावर, सातव्यावरून तिसऱ्यावर. मर्लचे दोन मोठे खेळाडू जायबंदी झाले आणि तो नवव्यावरून दहाव्यावर घसरला, तो तिथेच रुतला. अख्खं गाव बारमध्ये सामना बघायचं. मर्ल सगळ्यांत पुढे, पोरासाठी घसा फाडून ओरडायचा. पोरगा जिंकला की त्याच्या बापाची आणि माझी दरी आणखी वाढायची, आणि बाप भिंतीकडे एक पाऊल सरकायचा. तरी टाळ्या त्याच्याच सगळ्यांत मोठ्या असायच्या.

सामना संपला की कोल्बीचा फोन यायचा. मर्ल बारच्या दारात जाऊन बोलायचा, पण तो हळू बोलणाऱ्यातला नव्हता. पोरगा काय विचारायचा ते आम्हाला उत्तरावरून कळायचं.

"हो, वाढले की गुण," मर्ल सांगायचा. "तुझ्यामुळेच वाढले."

मी बिअर तशीच ठेवून घरी जायला लागलो. राँडाला सगळं सांगितलं. ती म्हणाली की आत्ताच्या आत्ता जाऊन त्या मुलाला खरं सांग. मी म्हणालो की ते मर्लचं काम आहे. ती म्हणाली, "तुला एका डोळ्यानं दिसतं ते पुरेसं आहे, तू बघत नाहीस हा तुझा रोग आहे."

ऑक्टोबरचा पहिला रविवार उजाडला. कोल्बीची टीम बाद झाली होती आणि तो घरी आला होता. तो शेडवर येईल असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आला तो बापाशेजारी चालत, आणि ड्वेनला विचारत होता की मी इतके सामने राखले तरी डॅड शेवटी कसा आला. ड्वेननं नकली दात चाचपले आणि मर्लकडे बघितलं. मर्ल म्हणाला की बाकीचे फालतू निघाले, आणि जाकीट काढून भिंतीला जाऊन उभा राहिला. एकसष्ट वर्षांचा माणूस. शर्टातून खांद्याची हाडं दिसत होती.

चेंडू सुरू झाले. गसचा पोटात. दुसरा मांडीत. तिसरा बरगडीवर बसला आणि 'कट्' झालेलं सगळ्यांनी ऐकलं. मर्ल वाकला, पुन्हा सरळ झाला. चौथा, पाचवा. सहावा उजव्या खांद्यावर आदळला आणि तो हात पट्ट्यातून सुटून लोंबायला लागला. कोल्बीला बघवेना. त्यानं बापाकडे पाठ केली आणि शेडच्या आत जाऊन उभा राहिला. आत समोर मार्चमधला तक्ता होता, ड्वेनच्या मोठ्या अक्षरातला. सातवा चेंडू पडला. आठवा पडला. कोल्बी तो तक्ता वाचत होता.

नववा माझा. चेंडू हातात घेतला आणि समोर बघितलं. मर्लच्या तोंडातून रक्त हनुवटीवर आलं होतं, आणि तो माझ्याकडेच बघत होता, सरळ, मार्चपासून पहिल्यांदा. या माणसाच्या जागी तिथे मी असायला हवा होतो. त्याचा पोरगा त्याच्याकडे असता तर तो सातवा आला असता, आणि शेवटी कोण आलं असतं ते मला पाठ होतं, मी कितीदा तरी बेरीज केली होती. माझा हात खाली आला. चेंडू सुटला तो असा, की बाळानंही झेलला असता. मर्लच्या पोटाला लागून त्याच्या पायाशी पडला.

सात महिन्यांत मर्ल माझ्याशी एकच शब्द बोलला.

"मऊ."

ड्वेन मला म्हणाला, वर्न, सोडून दे, आज खूप झालं. गस म्हणाला की याचा डोळा जाईल. मी कोणाचं ऐकलं नाही. जाऊन मर्लच्या शेजारी भिंतीला पाठ लावली आणि हात पट्ट्यात खुपसले. मर्लनं चेंडू उचलायला वाकून पाहिलं, पण उजवा हात हलेना. तो तसाच भिंतीला टेकून खाली बसला. मग कोल्बी आतून बाहेर आला. त्यानं बापाच्या पायाशी पडलेला चेंडू उचलला, शर्टाला पुसला आणि मोजून साठ फूट मागे गेला.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. खोटं कशाला बोलू. अठ्ठावन्न डावांत पाच. दोरीची गाठ. त्या चेंडूचा नेम चुकणार नाही हे या पृथ्वीतलावर माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

"वर्नकाका," कोल्बी म्हणाला, "एकोणिसाव्या फेरीत मला तुम्ही घेतलंत?"

"हो."

"डॅडनी नाही?"

"नाही."

"मग डॅड कितव्यात घेणार होते?"

मर्ल माझ्या पायाशी बसला होता आणि त्याचा श्वास मला ऐकू येत होता. खरं सांगितलं असतं तर पोराचा राग माझ्यावरून उतरला असता. तुझ्या बापाला तू शेवटच्या फेरीपलीकडे कधी दिसलाच नाहीस, पोरा, मला दिसलास. ते खरंच होतं. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, आणि त्याच्यावर माझा उजवा डोळा वाचत होता.

"विसाव्यात," मी म्हणालो. "त्याच्या आधी माझी पाळी आली. मला माहीत होतं तो तुला घेणार. म्हणून मी आधी उचललं."

कोल्बीनं मान हलवली. "कोणत्या डोळ्यानं दिसतं तुम्हाला?"

"उजव्या."

तो माझ्या उजव्या डोळ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग पाय उचलला. एका डोळ्यानं चेंडूचं अंतर कळत नाही. तो आधी लहान होता, मग एकदम होता. डाव्या बरगडीवर, काळजाच्या जरा खाली, असा घुसला की पाठीमागचा पत्रा वाजला. माझा श्वास गेला आणि परत येईना. मी भिंतीवरून घसरत खाली आलो, तोंडात तांब्यासारखी चव, आणि डोळा उघडाच होता. ड्वेनची शेड, ढगाळ आभाळ, गसचे चिखलानं भरलेले बूट, सगळं दिसत होतं. लाज वाटते सांगायला, पण त्या वेदनेत माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? की मी बरोबर लिहिलं होतं. हवा तिथे टाकतो.

कोल्बी जवळ आला, बापापुढे उकिडवा बसला आणि म्हणाला की ट्रक आणतो, दोघांनाही नेतो. त्यानं मर्लच्या गुडघ्यावर हात ठेवला, उठला आणि गेला. बाकीचेही त्याच्या मागून पांगले.

मर्ल रक्त थुंकला. "विसाव्यात नव्हतो घेणार मी," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तेविसाव्यातच घेणार होतो. दरवर्षी त्याच्या तोंडावर सांगायचो रे मी. हसून." आणि तो रडायला लागला. रडताना मोडलेली बरगडी दुखायची म्हणून मध्येच थांबायचा, आणि पुन्हा सुरू व्हायचा.

मी त्याचा चांगला हात धरला. ट्रक येईपर्यंत आम्ही दोघं भिंतीला टेकून तसेच बसलो होतो, कारण उठता येत नव्हतं.